मी न टाकलेली सुपारी

गावात मला सगळे तत्त्वाचा माणूस म्हणतात. म्हणू द्या. माणूस म्हातारा झाला की लोक त्याला काहीतरी म्हणतातच, आणि मास्तराला तोंडावर शिव्या देण्यापेक्षा तत्त्वाचा म्हणणं सोपं जातं. पण याच तत्त्वानं मी माझ्या सख्ख्या बहिणीचं वाटोळं केलं. माझ्या माघारी कोणी माझे गोडवे गाऊ नयेत, एवढ्यासाठी ते लिहून ठेवतो.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. साहेब नागपुरात बसायचा आणि हुकूम आमच्या बुलढाण्याला यायचा. मी अमरावतीहून मास्तरकी शिकून नुकताच परतलो होतो आणि डोक्यात स्वातंत्र्य भरलं होतं. देशाचं तर होतंच, पण माणसाच्या स्वातंत्र्यावर मी जास्त बोलायचो. माणसानं आपल्या बुद्धीनं चालावं, जातीचे पंच कोण लागून गेले, असं पारावर बसून सुनवायचो. म्हातारे "हाव मास्तर, हाव" म्हणत चिलीम ओढायचे. मला वाटायचं, पटतंय त्यांना.

बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. सोळाव्या वर्षी तिचा नवरा पटकीनं गेला आणि ती आमच्या घरी परत आली. मूलबाळ नाही. वडीलही गेलेले, घरात आई, ती आणि मी. आमच्यात विधवेचा पाट लावायची रीत होती. पाट म्हणजे तिचं दुसरं लग्न, त्यात कोणाला लाज नव्हती. माझी आजीच पाटाची होती. पण वडिलांकडं जमीन थोडी वाढली, आसपासचे देशमुख त्यांना "या, बसा" म्हणायला लागले, आणि त्यांनी एक दिवस जाहीर करून टाकलं की आपल्या घरात पाट होत नाही. झालं! पाट बंद केला की घराणं वर चढतं, ही आमच्याकडची रीत. ती चढायची शिडी घरातल्या विधवेच्या पाठीवर टेकवलेली असते, हे कोणी बोलत नाही.

देऊळघाटच्या एका शेतकऱ्यानं तिला मागणी घातली. आमच्याच जातीचा, बायको बाळंतपणात गेलेली, भावांपासून वाटणी होऊन वेगळा राहणारा. बहिणीनं त्याला आठवडी बाजारात पाहिला होता, आणि तिला तो पसंत होता. आईनं आधी डोळ्याला पदर लावला, मग मला म्हणाली, "बाबू, तुहे वडील आता नाहीत. पोरीले जन्मभर काऊन जाळाचं?"

पाटाला मांडव लागत नाही, वाजंत्री लागत नाही. पण एक गोष्ट लागतेच. माहेरच्या पुरुषानं पंचांच्या देखत नवऱ्याच्या उपरण्यात सुपारी टाकायची आणि म्हणायचं, "माही होती, आता तुही." एवढं झालं की ती बायको. नाही झालं तर तीच बाई, तोच पुरुष, तेच घर, पण ती ठेवलेली. आणि माहेरचा पुरुष म्हणजे मी एकटाच.

परसात तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिनं विचारलं, "दादा, सोमवारी येशीन ना? तुले फक्त सुपारी टाकाची हाये."

मी काय बोललो ते ऐका. बहिणीशी कधी नव्हे ते पुस्तकी भाषेत बोललो. "माझा या सुपारीवर विश्वास नाही. तू काय गाय आहेस, एकानं दावं सोडून दुसऱ्याच्या हाती द्यायला? तू स्वतंत्र आहेस. मनात आहे ना, मग सरळ जा त्याच्या घरी. पंचांना विचारायचं कशाला?"

"लोक मले काय म्हणतीन?"

"लोकांना भ्यायचं, तर मग स्वातंत्र्य कशाला मागतेस?"

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "मी कुठी स्वातंत्र्य मागून राह्यली, दादा? मी सुपारी मागून राह्यली."

आता आतली गोष्ट सांगतो. त्याच महिन्यात साखरखेर्ड्याकडच्या एका बड्या घरातून मला मुलगी सांगून आली होती. त्यांच्यात पाट होत नव्हता आणि पाट लागलेल्या घरात ते पोरगी देत नव्हते. मध्यस्थानं मला बाजूला घेऊन समजावलं होतं. बहीण आपल्या मनानं कोणाचा हात धरून गेली, तर 'आम्ही तिचं नाव टाकलं' म्हणता येतं. भावानं सुपारी टाकली, की घराला पाट लागला. म्हणजे माझं तत्त्व आणि माझी सोयरीक एकाच बैलगाडीतून आली होती. तरी मी स्वतःला बजावत होतो की मी तत्त्वासाठीच नाही म्हणतोय. लाज वाटते आता. ज्याची झळ आपल्याला लागत नाही, ते स्वातंत्र्य दुसऱ्याला वाटायला काय जातं? मी ते तिला ओंजळभर दिलं, आणि हात झटकून मोकळा झालो.

सोमवारी पंच आले, वाट पाहिली आणि उठून गेले. मी शाळेचं काम काढून बुलढाण्याला गेलो होतो. बहीण त्याच्या घरी गेली ती तशीच. माझं लग्न थाटात झालं. तिला बोलावलं नाही. आईनं अक्षता टाकल्या, आणि त्यानंतर मरेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

बहिणीनं नऊ वर्षं संसार केला. त्या माणसानं तिला कधी वावगा शब्द ऐकवला नाही. पण गावातल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत नसत. मग तो तापानं गेला. तेरावा होतो न होतो तोच त्याचे भाऊ दारात उभे. ही लग्नाची नाही, पाटाची नाही, घर आणि वावर आमचं, असं म्हणाले. प्रकरण बुलढाण्याच्या कोर्टात गेलं, आणि त्या भावांच्या वकिलानं साक्षीला बोलावलं ते मला. मास्तर मेला तरी खोटं बोलणार नाही, ही माझी कीर्ती त्याच्या बरोबर कामाला आली.

बहिणीच्या वकिलानं मला गाठलं. म्हणाला, "मास्तर, 'मी हजर होतो' एवढं म्हणा. बाईचं छप्पर वाचेल." मी त्याला झाडला. शपथेवर खोटं? मी?

पिंजऱ्यात उभं राहून मी सांगितलं, पाट झाला नाही. सुपारी टाकली का? नाही. माहेरचा दुसरा पुरुष होता का? नव्हता. मुन्सफानं मान वर केली आणि म्हणाला, सख्ख्या बहिणीच्या विरुद्ध खरं बोलणारा साक्षीदार क्वचित पाहायला मिळतो. माझी छाती फुगली हो! बहीण समोर बसली होती, आणि माझी छाती फुगली.

निकाल लागला, घर आणि वावर त्या भावांकडं गेलं. बाहेर लिंबाखाली ती एकटी बसली होती. समजूत काढावी म्हणून गेलो. "मी खोटं कसं बोलणार होतो? शपथ घेतली होती."

"खोटं नको बोलू," ती म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. "तू आला नाही, हे सांगतलं. काऊन आला नाही, ते बी सांगाचं होतं. आईनं मले तवाच सांगतलं होतं. ते बी खरंच होतं ना, दादा?"

"ते मला कोणी विचारलं नाही," मी म्हणालो.

ती उठली. मलकापूरच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बाया कामाला घेतात, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिकडं जाणारी मोटार समोरच उभी होती. तिनं गाठोडं उचललं आणि चढून बसली. 'घरी चल' एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. त्या दिवशी माझ्या सासरचे पाहुणे घरी उतरले होते.