स्वभावाने गरीब शिंगाळा

हसायचं नाही एवढं कबूल करा, मग सांगतो. भिंगारमधल्या निम्म्या लोकांना हे माहीत आहेच आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी ते तिखटमीठ लावून सांगितलंय. तेव्हा खरं काय झालं ते माझ्याच तोंडून ऐका.

आठवीतून शाळा सोडली आणि काही वर्षांनी मी भिंगारला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात लागलो. काम सोपं होतं. आलेल्याला नंबराचा पत्र्याचा बिल्ला द्यायचा, बाकावर बसवायचं आणि नंबर आला की आत सोडायचं. फारसं बोलावं लागत नाही म्हणूनच मला ते आवडलं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

पण बदली होऊन निघालेल्या एका लष्करी साहेबांनी डॉक्टरांना माशांची काचेची पेटी भेट दिली. ती बाकासमोर ठेवली. तिच्याकडे बघत पेशंट दुखणं विसरायचे हे खरं, पण मग मला विचारत बसायचे. हा कुठला? हा काय खातो? चावतो का? रोज तेच प्रश्न, आणि मी रोज घामाघूम.

शेवटी मी औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले आणि एकेका माशाची माहिती लिहून काचेवर चिकटवली. माझं अक्षर चांगलं आहे. थोडी माहिती साहेबांच्या नोकराने सांगितली होती, बाकीची मी माशांकडे बघून लिहिली. ‘सोनेरी मासा. मूळ देश चीन. नग आठ. दिवसभर तोंड हलवतो, पण बोलत नाही.’ ‘काळा मखमली मासा. नग एक. लाजाळू. झाडामागे राहतो. याला कोणी त्रास देऊ नये.’

पुढे पेटीचा तळ घाण होऊ लागला. डॉक्टर म्हणाले, मोठ्या शहरात यासाठी मिशांचा एक छोटा मासा ठेवतात, तो खाली पडलेलं खाऊन टाकतो. मिशांचा मासा? हे तर आपल्या हातातलं काम. मी पुढे काही विचारलं नाही. रविवारी राहुरीकडे गेलो, मुळेच्या डोहात मासे धरणाऱ्या एकाकडून वीतभर शिंगाळा मागून घेतला आणि कळशीतून एसटीने आणला. त्या साली पाऊस नव्हता, डोह आटत चालले होते. त्याचा जीव वाचवल्याचं पुण्यही मला वाटत होतं.

पेटीत सोडल्यावर तो जो तळाशी जाऊन बसला तो हलेचना. किती शांत! त्याची पाटी मी मनापासून लिहिली. ‘शिंगाळा. राहणार मुळा नदी. मिशा आहेत, पण स्वभावाने गरीब. इतरांचं उष्टं खातो.’

महिन्याभरात सोनेरी मासे आठाचे पाच झाले. मी प्रामाणिक माणूस, एक कमी झाला की पाटीवरचा आकडा खोडून दुरुस्त करायचो. मला संशय मांजराचा होता. मी झाकणावर वीट ठेवली. डॉक्टरांना संशय पेशंटच्या पोरांचा. त्यांनी ‘काचेला हात लावू नये’ अशी पाटी माझ्याकडूनच लिहून घेतली. शिंगाळ्यावर कोणाचा संशय असणार? डॉक्टर शाकाहारी, आणि मी तर त्याची पाटी लिहिलेली.

अशात वडील बाजाराच्या दिवशी येऊन सांगून गेले. स्थळ आलंय. मुलीचा मामा तुला बघायला दवाखान्यातच येणार आहे, पण आपण मामा आहोत असं तो सांगणार नाही. आमच्याकडे ही रीतच आहे. घरी नवा सदरा घालून बसवला की कुठलाही मुलगा चांगलाच दिसतो, म्हणून कामावर असताना गुपचूप बघायचा. याआधीची दोन स्थळं मी काहीच बोललो नाही म्हणून मोडली होती. एकांनी तर वडिलांना, मुलगा जन्मापासूनच मुका आहे का, असं विचारलं होतं.

“या खेपेला तोंड उघड,” वडील म्हणाले. “न्हाई तर बस माशांकडं बघत जन्मभर.”

मुलगी मी एकदा यात्रेत लांबून पाहिली होती. बांगडीवाल्याशी भांडत होती. छान भांडत होती. हे स्थळ मोडू नये असं मला फार वाटत होतं.

गुरुवारी सकाळी एक गृहस्थ आले. इस्त्रीचं धोतर, काळा कोट, हातात छत्री. खोकला नाही, कण्हणं नाही, नुसते गप्प बसून होते. हाच मामा! मी बाहेरून दुधाचा चहा मागवला. ते नको नको म्हणत होते. मामालोक म्हणणारच. मी आग्रहाने दोन कप पाजले. मग जन्मात पहिल्यांदा जीभ सोडली आणि त्यांना एकेका माशाची माहिती पाटीवरच्यापेक्षा वाढवून सांगितली. ते बाकावर सारखे चुळबुळ करत होते. मला वाटलं, गोडी लागली.

तेवढ्यात मळक्या धोतराचा, मुंडासं बांधलेला एक म्हातारा आत आला आणि बिल्ला न घेताच पेटीसमोर उकिडवा बसला. वर काचेला बोट लावलं.

“पोरा, ह्यो शिंगाळा कुनी टाकला ह्यात?”

“मी.”

“काढ त्याला. समदे खाऊन टाकील.”

मामांसमोर माझ्या ज्ञानाचा अपमान! मी म्हणालो, “बाबा, पाटी वाचा की. स्वभावाने गरीब आहे तो.”

“कुनी लिव्हलंय?”

“मीच.”

“त्याला इचारून लिव्हलं का?”

बाक हसला. मी कोटवाल्या मामांकडे पाहिलं. ते हसत नव्हते, त्यांनी डोळे मिटून ओठ घट्ट दाबले होते. मला वाटलं, माझ्यासाठी त्यांना वाईट वाटतंय. म्हणून जोरात म्हणालो, “बाबा, नदीचं तुम्हाला माहीत असेल, पण पेटीतला मासा वेगळा असतो.”

म्हाताऱ्याने फक्त पेटीकडे बोट दाखवलं.

शिंगाळा तळावरून वर आला होता. त्याच्या तोंडातून एक सोनेरी शेपटी बाहेर आलेली होती आणि ती हलत होती. सगळा दवाखाना माझ्याकडे बघू लागला. आता मी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि वडिलांनी तोंड उघड म्हणून सांगितलेलंच होतं.

“खेळतोय,” मी म्हणालो.

शेपटी आत गेली. त्याच क्षणी कोटवाले मामा ताडकन उठले, माझ्या कानाशी आले आणि संडास कुठे आहे म्हणून विचारलं. त्यांना पहाटेपासून जुलाब होत होते, आणि त्यावर मी दोन कप दुधाचा चहा.

गडबड ऐकून डॉक्टर बाहेर आले. म्हाताऱ्याला म्हणाले, “काय होतंय बाबा तुम्हाला?”

“मला काय हुतंय? मी पोरगा बघाया आलतो.” आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “बघितला.”

मग त्याने माझी कळशी मागून घेतली, शिंगाळा अलगद काढून तिच्यात घातला आणि निघून गेला. मी पाटीवरच्या पाचाचे चार केले. स्थळ गेलं हे तर उघडच होतं.

चौथ्या दिवशी वडील पेढे घेऊन आले. मामाने घरी जाऊन काय सांगितलं ते त्यांनी मला जसंच्या तसं ऐकवलं: “तोंडातनं शेपटी बाहीर लोंबतीया, तरी त्याला हा पोरगा गरीब म्हन्तो. आपल्या पोरीला ह्योच पायजे. दुसरा कुनी टिकायचा न्हाई.”

लग्नाला आता वर्ष झालं. आमची ही स्वभावाने फार गरीब आहे. हवं तर लिहून देतो.