चमचा, बदक, कुंपण

जर्मनीत, रेगेन्सबर्गमधल्या त्या खोलीत मला तोंड उघडायला बंदी होती. लेकीच्या मागे, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, शक्यतो खोकायचंसुद्धा नाही. लेक तेव्हा साडेपाच वर्षांची होती. किंडरगार्टनमध्ये ती फार गप्प असते, म्हणून ऐकलेलं तिच्या किती लक्षात राहतं हे तपासायचं ठरलं होतं. यात ती मागे पडली तर शाळा एक वर्ष लांबणार, आणि तिच्या मैत्रिणी सप्टेंबरात पहिलीत जाणार. हे ऐकून ती दोन दिवस जेवली नव्हती.

तपासणाऱ्या बाई प्रेमळ होत्या, त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती. त्यांनी एकेक जर्मन शब्द सावकाश वाचला. चमचा, बदक, कुंपण, असे बरेच. मग म्हणाल्या, "आल्झो, तर आता आठवतील तेवढे तू सांग."

लेकीने हात जोडले, डोळे मिटले आणि ती गप्प बसली.

बाईंना वाटलं, पोर दमली. मला मात्र ते बसणं ओळखीचं होतं. घरी संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की ती अशीच बसायची. पहिला शब्द मी म्हणायचा, की पुढचे सगळे श्लोक ती धडाधड म्हणून टाकायची. पाठ केलेलं असं म्हणायचं असतं, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. आताही ती माझीच वाट पाहत होती. 'चमचा' एवढंच म्हणायचं होतं मला.

बाईंनी शब्द पुन्हा वाचले. पुन्हा हात जोडलेले, डोळे मिटलेले. तिसऱ्या वेळी तिने एक डोळा किलकिला करून मागे पाहिलं. मी कारखान्यात गाड्यांच्या भागांच्या चाचण्या घेणारा, नियमाबाहेर न जाणारा माणूस. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

संपल्यावर मी बाईंना सगळं समजावलं, हात जोडूनही दाखवले. त्यांनी मनापासून ऐकलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर, तशी नोंद करते. पण गुण बदलता येत नाहीत."

"मग आत्ताच पुन्हा घ्या ना."

"आत्ता नाही घेता येत. मुलांच्या लक्षात शब्द राहिलेले असतात ना!"

मी कपाळावर हात मारला आणि लेकीला घेऊन बाहेर पडलो.

बसस्टॉपवर लेक माझं बोट धरून उभी होती. तिच्या नेहमीच्या जर्मनमध्ये, जराही न रागावता तिने विचारलं, "बाबा, तू सुरूच का नाही केलंस?"