त्यांचा पॉझ

टीव्हीवरच्या जुन्या सिनेमात एक ब्रिटिश नट बोलता बोलता थांबला. "बाबा, इट्स स्टक," लेक म्हणाली.

विद्यार्थी असताना टोरोंटोत दुपारच्या एका नाटकाला मी प्रॉम्प्टर होतो. पार्ट-टाइम शिफ्टपायी तालमींना दांड्या मारलेल्या. प्रयोगात हेच नट, तेव्हा म्हातारे झालेले, असेच थांबले. मी घाबरून विंगेतून पुढचं वाक्य खणखणीत दिलं. प्रेक्षक हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, तो पॉझ होता.

नंतर ते दिग्दर्शकाला म्हणाले, "मी विसरलो. या मुलाने सांभाळून घेतलं." मी मान खाली घातली. पुढच्या नाटकात त्यांना घेतलं नाही.

"स्टक नाही गं," मी लेकीला म्हणालो, "ते मुद्दाम थांबलेत."

एवढंच वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नव्हतं.