गुटगुटीत आरोपी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कोणी जुने काही सांगा म्हटले की मला आधी आठवते ती सोलापूरच्या आमच्या ठाण्यातली न्हाणीची खिडकी. साहेबाचे राज्य होते, मी नवा फौजदार होतो, आणि एका जाड माणसाला इंग्रजीत नेमके काय म्हणावे, या प्रश्नावर माझ्या हवालदाराची नोकरी अडकली होती.

झाले होते ते असे. एका लग्नघरातला तांब्याचा मोठा हंडा नाहीसा झाला. यजमानांनी आचाऱ्याकडे बोट दाखवले. आचारी चाळिशीचा, झुपकेदार मिशांचा, आणि आधी पोट आत येणार, मागून तो येणार, असा. त्याला आणून कोठडीत ठेवले. सकाळी आरोपीला अंघोळीसाठी न्हाणीत सोडायचे, बाहेरून कडी घालायची आणि हवालदाराने दाराशी बसायचे, अशी आमच्याकडे रीत होती. त्या दिवशी आत पाण्याचा आवाज आला, मग तो थांबला. हवालदाराने हाका मारून पाहिल्या आणि कडी काढली, तर न्हाणीत नुसता तांब्या लवंडलेला. वर एक खिडकी होती. तिचे गज दुरुस्तीसाठी काढले होते, ते सरकारी रिवाजाप्रमाणे परत आलेच नव्हते. पण त्या खिडकीतून मांजर जाताना आम्ही पाहिले होते, माणूस नाही.

हवालदार माझ्या वडिलांच्या वयाचा, पेन्शनीला टेकलेला. तो माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"साहेब, म्या कडी काडली न्हाय. त्यो कुटनं गेला, मला ठावं न्हाय. आन् कोनाड्यातलं माजं गुडघ्याचं तेलबी कुनी तरी संपवलंय."

"तेलाचे नंतर पाहू," मी म्हणालो.

"नंतर कसं? चांगलं घाण्यावरचं करडईचं हुतं की."

तेलाबद्दल त्याचा संशय पहाऱ्यावरच्या शिपायावर होता, आणि त्या गडबडीतही दोघांची त्यावरून जुंपली होती.

फरारी माणसाचा हुलिया, म्हणजे त्याचे वर्णन, इंग्रजीत लिहून आजूबाजूच्या ठाण्यांना धाडायचा असतो. ते काम आमच्या कारकुनाचे. गृहस्थ मोठे इंग्रजीप्रेमी. मी म्हटले, सरळ 'फॅट' लिहा. त्यांनी तोंड वाकडे केले. 'फॅट' म्हणे बाजारी शब्द, सरकारी कागदावर शोभत नाही. शब्दकोशात बोट फिरवून त्यांनी 'पोर्टली' हा शब्द काढला आणि लफ्फेदार अक्षरात लिहिला. मला तरी काय कळत होते? मी सही ठोकली.

आचारी गाडी बदलायला कुर्डुवाडीलाच उतरणार, असा आमचा होरा होता. तिथला रेल्वे पोलीस अधिकारी इंग्रजी जाणणारा निघाला, हेच आमचे दुर्दैव. त्याने हुलियाबरहुकूम दोन माणसे उतरवून घेतली. एक होते नामांकित वकील, दुसरे अक्कलकोटकडचे बडे अडत व्यापारी. दोघांच्याही पोटावर घड्याळाची सोन्याची साखळी. व्यापारी अर्धे मराठीत आणि अर्धे कानडीत तापले होते, आणि वकिलांनी शांतपणे थेट जिल्ह्याच्या पोलीस साहेबांकडे तक्रार केली.

साहेब दुसऱ्याच दिवशी ठाण्यात हजर. माणूस करड्या शिस्तीचा, मराठीची परीक्षा दिलेला आणि शब्दांच्या बाबतीत सोनाराच्या काट्यासारखा. हुलिया हातात धरून त्यांनी आम्हां सगळ्यांची शाळा घेतली. 'पोर्टली' म्हणजे जाड खरा, पण ज्याच्या जाडीला रुबाब आहे, लोक ज्याला वाट करून देतात असा. 'स्टाउट' म्हणजे जाड पण घट्ट, दाबला तर दबणार नाही. 'फ्लॅबी' म्हणजे सैल, कुठेही हलणारा. आणि 'प्लम्प' म्हणजे ज्याची जाडी पाहून बरे वाटते. तो शब्द तान्ह्या मुलांना आणि चांगल्या कोंबडीला वापरतात. कारकून सगळे टिपून घेत होते.

मग साहेब न्हाणीपाशी गेले, खिडकीला वीत लावून पाहिली आणि एकदम थंड आवाजात बोलले. आरोपी 'स्टाउट' असेल तर तो इथून जाणे अशक्य. म्हणजे हवालदाराने दार उघडले, आणि ते फुकट उघडले नसणार. तो 'फ्लॅबी' असेल तर गोष्ट वेगळी. पुढच्या फेरीपर्यंत हवालदार घरी बसेल. तोवर मी नक्की शब्द शोधून ठेवावा, नाहीतर ते त्याला बडतर्फ करतील. हवालदाराने निमूटपणे पट्टा काढून माझ्या टेबलावर ठेवला. मला तो पट्टा पाहवेना.

मी शब्द शोधायला निघालो. लग्नघरचे यजमान म्हणाले, "माजलाय नुसता, पोळ हाय पोळ." सात रस्ता चौकातला पानवाला, जो स्वतः फुंकर मारली तर उडेल असा होता, म्हणाला, "लई धिप्पाड गडी." आचाऱ्याच्या शेजारणीचे त्याच्याशी पाण्यावरून भांडण, ती म्हणाली, "थुलथुलीत मेला." माझी वही भरली आणि डोके रिकामे झाले. आरोपी एकच, पण जो तो आपल्याच मनातले त्याच्या अंगावर चढवत होता.

जाता जाता पानवाल्याने एक खबर दिली होती, की आचारी कधीमधी गिरणीजवळच्या एका खानावळीत जेवायला जातो. खानावळ चालवणाऱ्या बाई वयस्क, कपाळाला विभूती, तोंडाने खमक्या.

"अक्का," मी विचारले, "तो जाडा आचारी तुमच्याकडे येतो म्हणे?"

"कोन जाडा? हितं जाडाबिडा कोन येत न्हाय."

"मिशीवाला, चाळिशीचा. हंड्याच्या प्रकरणातला."

"त्यो व्हय," भाकरी थापता थापता बाई फणकारल्या. "त्यो जाडा कशानं ओ? गुटगुटीत हाय जरा. लोकांची नजरच वाईट."

बोलून त्या पुन्हा भाकरीकडे वळल्या. मी मात्र जागच्या जागी थांबलो. आमच्या धाकट्या चिरंजिवांना सगळी आळी जाड म्हणत असे. गुटगुटीत म्हणणारी एकटी त्यांची आई. चाळिशीच्या मिशाळ बाप्याला गुटगुटीत कोण म्हणेल? ज्या बाईने त्याला लहानपणी मांडीवर घेऊन भरवले असेल, तीच.

"अक्का, तुम्ही त्याच्या कोण?" मी विचारले.

बाईंची भाकरी तव्यावर करपली. "मावशी," त्या म्हणाल्या. "आई न्हाय त्याला."

आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांआड आचारी लसूण सोलत बसला होता. मला पाहून तो मुकाट्याने उठला.

"हंडा म्या न्हेला न्हाय, साहेब. पर माजं ऐकतंय कोन? म्हनून पळालो."

"ते कोर्टात सांग. ठाण्यातून कसा गेलास?"

"खिडकीतनं की."

त्या क्षणी मला त्याला मिठी मारावीशी वाटली. "परत एकदा जाशील?"

"आता कशाला?" तो गोंधळला. "आता तर धरलंय की तुमी." हवालदाराची नोकरी त्या खिडकीत अडकली आहे, हे मी त्याला सांगितले.

साहेब आले. न्हाणीत सगळे दाटीवाटीने उभे राहिलो. हवालदारही घरून आला होता, साध्या सदऱ्यात आणि अगदी लहान दिसत होता. आचारी दगडावर चढला, हात, डोके, खांदे बाहेर काढले आणि पोटाशी अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मावशीने लपवून ठेवलेल्या दिवसांत हात आखडता घेतला नव्हता, हे उघड दिसत होते.

"स्टाउट," साहेब म्हणाले. हवालदार भिंतीला टेकला.

तेवढ्यात खिडकीपलीकडून आचाऱ्याचा आवाज आला. "असं कसं जाईन? तवा तेल लावलं हुतं की. न्हाणीतल्या कोनाड्यातलं."

"म्हंजे माजं तेल तू..." हवालदार भिंत सोडून ताठ झाला. शिपायाने त्याच्याकडे असे पाहिले की काही विचारू नका.

आचाऱ्याला मागे ओढले, वाण्याकडून करडईचे तेल आणवले आणि खुद्द हवालदाराने ते त्याच्या पोटाला चोळले. इतके मन लावून तेल चोळताना मी पुढे कुठल्या पैलवानालाही पाहिले नाही. आचाऱ्याने श्वास सोडला, अंग थोडे तिरके केले आणि सगळे पोट डावीकडून उजवीकडे नेत तो सुळकन पार झाला. पलीकडे धप्प आवाज आला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनीसुद्धा.

मग साहेबांनी मराठीत विचारले, "पलीकडे कोण उभे आहे?"

कोणीच नव्हते. सगळे ठाणे न्हाणीत होते. हवालदार ओल्या फरशीवर मटकन खाली बसला.

आम्ही बाहेर धावलो, तर ठाण्याच्या पुढच्या दाराने आचारी आत येत होता. अंगभर तेल, त्याला चिकटलेली माती, मिशांना कोळ्याचे जाळे. चोरीचा आळ अजून त्याच्या डोक्यावर होता आणि समोर सारा रस्ता मोकळा होता. त्याने साहेबांकडे पाहिलेही नाही.

"हवालदारमामा," तो म्हणाला, "ऱ्हायली न्हवं नोकरी? कोठडीत तुमी मला तुमच्या डब्यातली भाकरी दिलती."

साहेबांनी हवालदाराचा पट्टा मागवून त्याच्या हातात दिला. मग हुलिया पुढे ओढून त्यांनी 'पोर्टली' खोडले. आता 'फ्लॅबी' लिहिणार म्हणून कारकून मान उंचावून उभे होते. साहेबांची लेखणी थांबली. त्यांनी दारातल्या त्या तेलकट माणसाकडे बराच वेळ पाहिले आणि 'प्लम्प' लिहिले.

"तो तर तान्ह्या मुलांचा आणि कोंबडीचा..." कारकून माझ्या कानात कुजबुजले. मी त्यांना गप्प केले.

हंडा पुढे कल्हईवाल्याकडे सापडला. लग्न आटोपल्यावर यजमानांच्याच भावाने तो कल्हईला टाकला होता. पळून गेल्याबद्दल आचाऱ्याला कोर्टाने समज देऊन सोडले. त्यानंतर साक्षीदार एखाद्याचे वर्णन करू लागला की मी वर्णन नंतर आणि साक्षीदार आधी ऐकायला लागलो. त्याने कोणता शब्द उचलला, यावरून तो त्या माणसाच्या किती जवळ उभा आहे हे कळते, आणि तपासात पुष्कळदा तेवढेच कळायचे बाकी असते. कारकुनाने पुढे सगळ्याच हुलियांत बिनतक्रार 'फॅट' लिहिले.

सुटल्यावर आचारी आधी ठाण्यात आला आणि त्याने हवालदारापुढे करडईच्या तेलाची काठोकाठ भरलेली बाटली ठेवली. हवालदाराने ती उजेडात धरून पाहिली, झाकण काढून वास घेतला आणि मला म्हणाला, "साहेब, पोरगं गुटगुटीत हाय, न्हाय?"