फुटाला एक सूत

गारगोटीहून मी कोल्हापुरात आलो तेव्हा माझ्याकडे सुतारकामाचं आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, नवी कोरी दोन फुटी स्टीलची पट्टी होती आणि डोक्यात भरपूर हवा होती. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्न करायला माणूस हवा होता. ओतीव लोखंडाचा कुठलाही भाग करायचा तर आधी तो लाकडात घडवतात, तोच पॅटर्न. तो मातीत दाबून साचा उठवायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. एवढं ज्ञान मला दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, आदल्या दिवशी दिलं होतं. उचगावला त्यांच्याच घरी मी उतरलो होतो आणि मालकांकडे माझ्यासाठी शब्दही त्यांनीच टाकला होता. मालकांनी अट घातली होती. एक दिवस काम बघायचं, पॅटर्न करणारे मिस्त्री हो म्हणाले तरच ठेवायचं.

म्हणून ताईकडून इस्त्री करून घेतलेला पांढरा शर्ट घालून मी गेलो. फौंड्रीत पांढरा शर्ट. दारातल्या मोल्डरनं, म्हणजे मातीचे साचे भरणाऱ्या गड्यानं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "काय पावणं, लगीन कुणाचं हाय?"

मिस्त्री साठीला टेकलेले, जाड भिंगाचे आणि अतिशय कमी बोलणारे. मी सर्टिफिकेट पुढं केलं. त्यांनी हात पुसून ते घेतलं, न वाचताच "बरं हाय" म्हणून परत दिलं. मग पंपाच्या बैठकीचा तयार पॅटर्न माझ्यापुढं ठेवला, एक पॉलिश पेपर दिला आणि म्हणाले, "ह्याला गुळगुळीत कर. मी साचं बघून येतो."

माझं डोकं फिरलं. दोन वर्षं शिकून मी पॉलिश पेपर घासायला आलो होतो काय? मुळात मी तापट, त्यात दारातल्या चेष्टेनं आधीच चिडलेला. काहीतरी करून दाखवायचंच, असं मनानं घेतलं. शेजारी ड्रॉइंग पडलं होतं. त्यावर लांबी चोवीस इंच. मी माझी नवी पट्टी लावली. पॅटर्न दोन सूत जास्त भरला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पुन्हा मोजलं, तेच. मग मिस्त्रींची पितळी पट्टी उचलली. तिच्यावरच्या खुणा त्यांनी स्वतः कानशीनं पाडलेल्या होत्या. तिच्या मापानं पॅटर्न बरोबर चोवीस. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या तर त्यांची पट्टीच लांब निघाली.

बिचारा म्हातारा, वर्षानुवर्षं खोट्या पट्टीवर काम करतोय, असं मला वाटलं आणि फार बरं वाटलं.

मी रंधा घेतला. फळीच्या तोंडावर रंधा मारताना कोपरा उडण्याची भीती असते, म्हणून दोन्ही टोकांकडून आत, हलक्या हातानं, दोन्ही बाजूंचं एकेक सूत काढलं. कडांना मिस्त्रींनी बारीकसा उतार ठेवला होता. तो पॅटर्न मातीतून अलगद निघावा म्हणून असतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं, तरी तसाच राखला. मिस्त्री आले तेव्हा मी छाती काढून सांगितलं, "मिस्त्री, तुमची पट्टी खोटी हाय. दोन सूत फरक पडत होता, मी बरोबर केलाय."

मागून आलेला मोल्डर खो खो हसला. मिस्त्रींनी नजरेनंच त्याला गप्प केलं. त्यांनी पॅटर्न उचलला, कापलेल्या तोंडावरून बराच वेळ तळवा फिरवला आणि मोल्डरच्या हातात दिला. "एकच ओत."

सुटीच्या वेळी मालक डोकावले. "कसा वाटतोय गडी?"

"उद्या सांगतो," मिस्त्री म्हणाले.

घरी जाऊन मी दाजींना सांगितलं, की पहिल्याच दिवशी मिस्त्रींची चूक काढली. दाजींचा हातातला घास तसाच राहिला. "पोरा, तीस वर्षं पॅटर्न करतोय त्यो माणूस," एवढंच ते बोलले. तेव्हा कुठं मला स्वतःचीच शंका यायला लागली.

सकाळी गार झालेली बैठक टेबलावर होती. मिस्त्रींनी माझीच पट्टी माझ्या हातात दिली. "मोज."

दोन सूत कमी. मी तीनदा मोजलं.

"लोखंड गार हुताना आकसतंय," मिस्त्री म्हणाले. "फुटाला एक सूत. म्हणून लाकूड मोठं ठिवायचं. दर बारीला कोण हिशेब करत बसणार? म्हणून पट्टीच मोठी केली."

आयटीआयमध्ये आम्हाला खुर्ची, मेज, दाराची चौकट शिकवली होती. ओतकामाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. पण ते सांगायलाही मला तोंड उरलं नव्हतं. पांढऱ्या शर्टासकट जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात मालक आले. बैठकीला पट्टी लावून म्हणाले, "मिस्त्री, माल कमी भरतोय की. तुमच्याकडनं चूक?"

मिस्त्री काही बोलण्याआधी मीच बोललो. "मालक, त्यांची न्हाय, माझी चूक. चांगल्या पॅटर्नला मी रंधा मारला." बोललो आणि मनात गारगोटीची एसटी धरली. दाजींना तोंड कसं दाखवायचं, तेही ठरवायला लागलो.

मालकांनी मिस्त्रींकडं बघितलं. "मग काय करायचं ह्याचं?"

"ठिवायचं," मिस्त्री म्हणाले. "इतक्या सफाईनं माझं काम आजवर कुणी नासवलं न्हवतं. कोपरा उडवला न्हाय, उतार सोडला न्हाय. हात हाय त्याला. आकसतंय ते मी सांगाय पायजे होतं, त्ये ऱ्हायलं."

आदल्या दिवशी दुपारीच त्यांनी एक शब्द टाकला असता तरी माझा खेळ आटोपला असता. त्याऐवजी त्यांनी माझ्या अडाणीपणासाठी एक अख्खी बैठक ओतून घेतली, ती गार होईपर्यंत थांबले आणि माझ्या चुकीतून माझं कौतुक शोधून काढलं. हे ऋण फिटणारं नाही. फेडायचा प्रयत्नही मी कधी केला नाही, नुसता त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काम करत राहिलो.

मालक गेल्यावर मिस्त्रींनी सागवानाची कोरी फळी माझ्यापुढं सरकवली आणि आपली पितळी पट्टी तिच्यावर ठेवली. "आता सगळा तूच कर," म्हणाले आणि निवांत चहाला निघून गेले. त्या क्षणी मला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.