कूलरमधला शार्क

दादा गेल्याची बातमी मला मेट्रोत मिळाली. शुभावहिनीचा फोन होता. "नमू, संपलं गं," एवढंच ती म्हणाली, आणि मग बराच वेळ तिच्यामागे गाझियाबादच्या रस्त्यावरचे हॉर्नच तेवढे ऐकू येत राहिले. मी पुढच्या स्टेशनवर उतरून बाकावर बसले. अशा वेळी रडू फुटतं म्हणतात. मला आधी सुटल्यासारखं वाटलं... उद्यापासून खोटं बोलायला नको. सख्खा भाऊ गेल्यावर मनात पहिलं आलं ते हे. ते लिहून टाकल्याशिवाय मला दादाबद्दल दुसरं काही लिहिता येणार नाही.

दादा म्हणजे अनिरुद्ध, माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आमचं बालपण आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेलं. शेजारी तमिळ, वर बंगाली, समोर पंजाबी. दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी, आणि मराठी ही आमच्या चौघांची गुप्त भाषा. भरल्या बसमध्ये दादा अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "नमू, डावीकडच्या काकांचा विग मागे सरकलाय, हसू नकोस," आणि मी हसून मार खायची. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलनीतल्या पोरांनी भाड्यानं व्हीसीआर आणला. रविवारची दुपार, खिडक्यांवर चादरी टांगलेल्या, एका खोलीत वीसेक मुलं घामानं निथळत बसलेली. सिनेमा इंग्रजी, शार्क माशाचा, ज्याचं नाव मी न सांगताही तुम्ही ओळखाल. निम्म्याहून जास्त सिनेमाभर त्यात मासा नीट दिसतच नाही. दिसतं ते पाणी, पाण्यात हलणारे पाय, आणि ते संगीत जवळ जवळ येत राहतं. दादानं मांडीवरची उशी हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. आता येणार, आता येणार... आणि लाइट गेली. संध्याकाळी दुकानदार व्हीसीआर परत घेऊन गेला, त्यानंतर लाइट आली.

समुद्र आमच्यापासून इतका लांब, की आम्ही दोघांनी तो तोवर पाहिलाही नव्हता. म्हणून दादाच्या शार्कनं जवळची जागा शोधली. आमचा पत्र्याचा कूलर. त्याच्या तळाशी टाकी असायची, तिच्यात हिरवट काळं पाणी. रोज संध्याकाळी पाइपनं ती भरायची आणि कोपरापर्यंत हात घालून पंपाला अडकलेलं गवत काढायचं, हे दादाचं काम. त्या सुट्टीत त्यानं ते सोडलं. "नमे, तू घाल ना हात. तुझे हात छोटे आहेत." "म्हणजे छोटे हात त्याला आवडत नाहीत?" "अगं, पोट नाही भरत त्याचं." तो उन्हाळाभर कूलर मी भरला आणि त्याच्या मित्रांसमोर त्याला भित्री भागूबाई म्हणून घेतलं. पुढच्या सुट्टीत एका मित्राकडे तोच सिनेमा शेवटपर्यंत बघायला मिळाला. मासा वर आला. दादा ताठ बसला, पुढे वाकला, आणि मोठ्यानं हसला. "एवढंच? अरे, हा तर रबराचा आहे!" घरी आल्या आल्या त्यानं बाही वर सारून कूलरमध्ये खांद्यापर्यंत हात घातला. "बघितलं ना आता. बघितलं की झालं," म्हणाला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या, कारण मी नेमकं तेच विसरले.

पुढे तो नोएडात कंपनीत लागला. गाझियाबादला फ्लॅट घेतला, एसी लावले, पण बाल्कनीत क्वार्टरमधला तो जुना कूलर आणून ठेवला. एप्रिलमध्ये ज्या दिवशी कूलर पहिल्यांदा भरला जाई, त्या संध्याकाळी तो सिनेमा बघायचा, हा त्याच्या घरचा सण. आणि दरवर्षी वाद तोच, की ह्याची अजून भीती वाटते का. त्याची मुलगी इरा सोफ्यावर लोळत म्हणायची, "बाबा, ये डरावना कहाँ से है यार? बाथटबमधलं खेळणं वाटतंय." दादा म्हणायचा, "मासा नाहीच आहे गं डरावना. तो दिसेपर्यंतचं बघ. दिसला की पिक्चर संपला." मी म्हणायची, मला अजून वाटते भीती. "तुला कसली वाटते? तू तर कूलरची वाघीण!" वहिनी आतून ओरडायची, वाघिणीला म्हणावं पापड तळायला ये.

गेल्या दिवाळीनंतर त्याचं पोट दुखू लागलं. रिपोर्ट आले तेव्हा सगळीकडे पसरलेलं होतं. दोन डॉक्टरांनी सांगितलं, फार काही करता येणार नाही, त्रास कमी करू. दुसरा डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं, "पेशंट को पता है?" वहिनी काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "नहीं, और बताइएगा भी मत." तो म्हणाला, "एक बार उनसे पूछ तो लीजिए, वो जानना चाहते हैं या नहीं." मी मान हलवली आणि विचारलं नाही. आम्ही दोघी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभ्या राहिलो. जन्मभर चारचौघांत आम्ही मराठीत लपलो. आता ज्याच्यापासून लपवायचं त्याचीही भाषा तीच होती, म्हणून भिंतीच्या पलीकडे जावं लागलं. वहिनी रडत नव्हती. "अनिला सांगूया नमू. तो विचारेल, आणि मला त्याच्याशी खोटं बोलता येत नाही." मी म्हटलं, "तू त्याला लहानपणी पाहिलेलं नाहीस वहिनी. तो कूलरमध्ये हात घालायला घाबरायचा." ह्या एका वाक्यावर मी जिंकले. ती म्हणाली, "तुझा भाऊ आहे, तू जास्त ओळखतेस." मग मीच ठरवलं की त्याला अल्सर आहे, लिव्हरला सूज आहे. इरालाही सांगायचं नाही, हेही मीच ठरवलं. ती बंगळुरूला नोकरीत, फोनवर रडली तर त्याला कळेल म्हणून.

जानेवारीत, धुक्यानं समोरची बिल्डिंग दिसेनाशी झालेली असताना, तो एका दुपारी म्हणाला, "नमू, ये. ह्या वर्षी कूलरची वाट नको बघायला." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रजई, हीटर, आणि पडद्यावर उन्हातला समुद्रकिनारा. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. सिनेमा मध्यावर आला, पाणी नुसतं हलत होतं, मासा अजून यायचा होता. दादानं रिमोट उचलून तो थांबवला.

"पिक्चर राहू दे. मला मासा दाखव."

"काय?"

"काय झालंय मला? सांग. मी घाबरणार नाही."

टीव्हीवर निळं पाणी थिजलेलं होतं. मी म्हटलं, "काही नाही रे, सूज आहे. उन्हाळ्यापर्यंत उतरेल. कूलर तूच भरणार आहेस."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. राग असता तर मी कदाचित बोलले असते... मग म्हणाला, "म्हणजे तू घाबरलीस." टीव्ही बंद केला, रिमोट उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्यानं कुणालाच काही विचारलं नाही. न दिसणाऱ्या वस्तूबरोबर माणूस एकटा कसा राहतो, हे त्या हिवाळ्यात मी रोज त्याच्या बिछान्याजवळ बसून पाहिलं. डोळे दाराकडे, आमच्या प्रत्येक कुजबुजीला मान वळायची. झोपेत तो हातानं काहीतरी दूर सारायचा. त्याला भीती वाटू नये म्हणून मी हे केलं होतं.

इरा आली तेव्हा तो बोलण्याच्या पलीकडे गेलेला होता. तिनं त्याचा हात धरला, त्यानं बोटं हलवली की नाही ह्यावरही आमचं एकमत नाही. नंतर भेटायला आलेल्यांत पुण्याच्या काकू होत्या. सगळ्यांदेखत वहिनीला म्हणाल्या, "शुभा, तू बायको ना त्याची? त्याला नाही तर नाही, पोरीला तरी सांगायचं. बाप-लेकीचं दोन शब्द बोलणं झालं असतं." इरा समोर बसली होती. वहिनीनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काकू, चहा गार होतोय." इरा बंगळुरूला परत गेली ती आईशी न बोलता.

म्हणून मी हा लेख लिहायला घेतला. अर्धा लिहून झाल्यावर लक्षात आलं, की इराला मराठी धड वाचता येत नाही. दिल्लीत वाढलेली पोर, घरात बोलते, पण छापलेलं मराठी तिच्यासाठी अक्षर अक्षर जुळवण्याचं काम. म्हणजे कबुलीसुद्धा मी गुप्त भाषेत देत होते. हात थांबला. तिला फोन केला, हिंदीतच सगळं सांगितलं, कॉरिडॉरसकट. तिनं विचारलं, "आत्या, बाबांनी कधी विचारलं होतं?"

"हो. एकदा."

"और आपने?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "ठीक है. मम्मानं तरी तुझं ऐकलंच ना," आणि फोन ठेवला. त्यालाही आता आठवडे झाले. तिनं आईला फोन केलेला नाही. खरं बोलल्यानं काहीतरी सुटतं असं वाचलं होतं. माझ्या बाबतीत ते फार उशिराचं खरं होतं.

परवा वहिनीकडे गेले. बाल्कनीतला कूलर कोरडा होता, गवत वाळून खाली पडलेलं. मी पाइप लावते म्हटलं, ती नको म्हणाली. तिनं टीव्ही लावला. अर्धवट राहिलेल्या सिनेमांची ओळ येते ना, तिच्यात पहिलाच तो, खाली लाल रेघ अर्ध्यापर्यंत आलेली. "रोज दिसतं गं हे," वहिनी म्हणाली. "त्याचा अंगठा थांबला तिथपर्यंत." आणि मी काही म्हणायच्या आत तिनं बटण दाबलं. थिजलेलं पाणी हलायला लागलं. आम्ही दोघी शेजारी बसून राहिलो. मासा आला. रंगवलेले दात, ताठ कल्ले, वळताना जरा अडखळणारं रबरी धूड... दादा असता तर हसला असता. आम्ही हसलो नाही, घाबरलोही नाही.

"एवढंच?" वहिनी म्हणाली.

मी म्हटलं, "एवढंच."

सिनेमा संपला. पुन्हा ती ओळ आली, पण आता तिच्यात तो नव्हता. शेवटपर्यंत बघितलेला सिनेमा तिथून निघून जातो, हे आम्हाला दोघींनाही सुचलं नव्हतं. वहिनी रिमोट हातात धरून ती ओळ डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे सरकवत राहिली.