भुंगेऱ्यांच्या पेल्यात कणीक

माझ्या वडिलांना जमिनीवर पडलेलं वाळकं पान बघवत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत उभं आयुष्य काढलेला हा माणूस. आई गेल्यावर माझ्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहायला आला आणि सामान लागायच्या आधीच खाली उतरून जिन्यासमोरची जागा झाडायला लागला. शेजारी आधी बिचकले, मग कौतुक करू लागले आणि शेवटी सकाळी रिजवर फिरायला जाणाऱ्या मंडळींनी बाबांना आपल्या मंडळाचा अध्यक्ष करून टाकलं. दिल्लीत रिकामा, प्रामाणिक आणि टापटीप माणूस सापडला की लोक त्याला कशाचा तरी अध्यक्ष करतातच.

माझं काम नेमकं उलटं. मी एका सरकारी संस्थेत कीटकांचा अभ्यास करते आणि माझं सगळं सुख त्या वाळक्या पानांच्या खाली असतं. अरवलीच्या डोंगररांगेचं एक टोक दिल्लीत शिरलंय, त्याला इथे रिज म्हणतात. त्या रिजवर आणि पुढे गुरुग्राम-फरिदाबादकडच्या जंगलांत कोणकोणते भुंगेरे आणि इतर बारके जीव राहतात, याची पाहणी आमच्या संस्थेने काढली होती. घराजवळचा पट्टा माझ्या वाट्याला आला. लोकांना वाटतं दिल्लीत जंगल म्हणजे दोन झाडं आणि चार माकडं. मी वाद घालत नाही. एकदा पाऊस संपता संपता माझ्याबरोबर या, एवढंच म्हणते.

पाहणीची पद्धत साधी आहे. प्लास्टिकचा पेला काठ जमिनीच्या बरोबरीला येईल असा पुरायचा, पाणी जाऊ नये म्हणून काड्यांवर एक ताटली टेकवायची आणि घरी जायचं. अंधारात जमिनीवरून चालणारे जीव त्यात घसरून पडतात. सकाळी ते बघायचे, ओळखायचे आणि सोडून द्यायचे.

पहिल्याच सकाळी एका पेल्यात अंगठ्याएवढा काळा भुंगेरा बसला होता, पाठीवर मोठाले पांढरे ठिपके. मी उघड्या तोंडाने त्याच्याकडे बघत राहिले. डोक्यावरून विमान उतरत होतं, पलीकडे रिंग रोडवर बसचे हॉर्न चालले होते, आणि दिल्ली नावाचं काही असायच्या कितीतरी आधीपासून याच खडकांवर शिकार करणाऱ्या कुळातला हा गडी माझ्याकडे जबडे उघडून बघत होता. शेजारच्या पेल्यात हिरव्या चकाकत्या पाठीचा एक इवलासा जीव होता. भिंगाखाली धरला तर त्या हिरव्यात तांबूस, निळं, सोनेरी असं काय काय हलायला लागलं. इतकी वर्षं हे काम करतेय, पण भिंग खाली ठेववत नाही. पगार घेऊन हे बघायला मिळतं याची कधीकधी लाज वाटते.

माझा आनंद फार टिकला नाही. पुढच्या खेपेला गेले तर सगळे पेले कणकेने भरलेले! कणीक आणि वर पिठीसाखर.

इथे मुंग्यांना कणीक-साखर घालायची रीत आहे. कोणाला ज्योतिषाने सांगितलेलं असतं, कोणाच्या घरात तसंच चालत आलेलं असतं. फिरायला निघताना खिशात पुडी टाकायची आणि झाडाच्या बुंध्याशी रिकामी करायची. आता कोणीतरी ओळीने पेले पुरलेत, वर छप्परसुद्धा केलंय, म्हणजे हे मुंग्यांचं अन्नछत्रच, असं वाटलं तर त्या बिचाऱ्यांचा काय दोष? ट्रॅकसूट घातलेल्या एक आंटी मला थांबवून म्हणाल्या, "देखो बेटा, किसी ने कितने पुण्य का काम किया है!" त्यांच्या हातात पुडी होती. मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. मी पेले धुऊन पुन्हा पुरले आणि शेजारी हिंदीत पाटी लावली, की इथे अभ्यास चालू आहे, कृपया काही टाकू नका. दुसऱ्या दिवशी पेल्यांत कणीक होतीच, शिवाय पाटीखाली पाखरांसाठी बाजरी.

आता यांना थांबवू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो माझ्याच घरात चहा पीत बसला होता. गंमत म्हणजे माझं त्याच्याशी आधीच वाजलं होतं. कारण बाबांच्या मंडळाने पुढच्या आठवड्यातल्या रविवारी माझ्याच पट्ट्यात श्रमदान ठरवलं होतं. ढाकच्या, म्हणजे आपल्या पळसाच्या झाडांखाली पानांची जाड गादी साचली होती. ती खरवडून पोत्यांत भरायची आणि जमीन स्वच्छ करायची. पानांत डास होतात, साप लपतात, असं सगळ्यांचं एकमत झालेलं.

"बाबा, तो कचरा नाहीये," मी म्हणाले.

"अगं, झाडावरून खाली पडलं की कचराच. मी सगळ्यांना शब्द दिलाय."

"ती पानं उचलली तर खालचं सगळं मरेल. परत कधी येईल, येईल की नाही, मलाही सांगता येणार नाही."

"खालचं म्हणजे काय, झुरळंच ना?"

मी रागाने उठून गेले. पण कणकेपुढे मी हरले होते, म्हणून दोन दिवसांनी मुकाट्याने परत त्यांच्यासमोर जाऊन बसले. बाबा निवृत्त झाले तरी मुरलेले अधिकारी. त्यांनी तिथल्या तिथे तडजोड मांडली. "पिठाचं मी बघतो. बिल्कुल कोणी हात लावणार नाही. पण तू रविवारच्या आड यायचं नाही."

मी हो म्हणाले. ती गादी जाणारच असेल तर तिच्यात काय काय होतं हे निदान कोणाला तरी माहीत असावं, एवढाच हिशेब होता. 

त्यानंतर रोज सकाळी बाबा माझ्याबरोबर येऊ लागले. हातात काठी, पायात पॉलिश केलेले बूट. पेल्यांजवळ पहाऱ्यावर उभे राहायचे. कोणी खिशात हात घातला की, "नमस्कार जी, आज वहाँ उस पेड़ के नीचे," म्हणून अदबीने दुसरीकडे वळवायचे. लोक ऐकायचे. पहिल्या दिवशी त्यांनी पेल्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग माझ्या खांद्यावरून डोकावले. मग, "तो कालचा ठिपकेवाला आला का?" असं विचारलं. आणि एकदा मी भिंग शोधत होते तर ते बाबांच्या डोळ्याला लावलेलं होतं. मी वहीत नोंदी करत राहिले. त्यांना चिडवलं असतं तर त्यांनी लगेच भिंग खाली ठेवलं असतं.

रविवार जवळ आला होता तेव्हा वाटेवर रोह्याच्या ताज्या लेंड्या पडलेल्या दिसल्या. रोही म्हणजे नीलगाय. बाबा चंद्रपूरकडचे, म्हणून आमच्या घरात रोहीच. एक शेणकिडा त्यातल्या लेंडीची गोळी करून घेऊन निघाला होता. डोकं खाली, मागचे पाय गोळीवर, उलटा चालत. वाटेत मूळ आडवं आलं. गोळी चढवली, गोळी घसरली, हा तिच्यासकट गडगडत खाली. पुन्हा चढवली, पुन्हा खाली. मग तो गोळीच्या माथ्यावर चढला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि खाली उतरून मुळाला वळसा घालून आपल्या दिशेला लागला.

"हे काय केलं त्यानं?" बाबांनी कुजबुजत विचारलं.

"आकाश बघितलं. सूर्यावरून दिशा ठरवतात हे."

बाबा खाली बसले. पानांवर, इस्त्रीच्या पँटसकट! मीही बसले. त्या एवढ्याशा जिवाने सूर्याकडे बघून रस्ता धरला होता आणि आम्ही दोघं श्वास रोखून त्याच्या मागे सरकत होतो. मग मला राहवलं नाही. माझं एक नेहमीचं वाक्य आहे, भाषणांत फार चालतं. मी म्हणाले, "बाबा, हेच खरे जंगलाचे सफाई कामगार."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. गोळीच्या वाटेतली एक काडी बाजूला केली. मग म्हणाले, "माझी आई गावातली अंगणं झाडायला जायची. ढोर मेलं की ओढायला आमच्याच वस्तीत निरोप यायचा. जेवत असलो तरी उठून जावं लागे." हे मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. घरी तो विषय निघाला की ते उठून काहीतरी आवरायला लागत.

"याला हे काम कोणी लावलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. हा ती गोळी पुरेल. आत मादी अंडं घालेल. पोर तेच खाऊन मोठं होईल."

"मग हा संसार करतोय. त्याला कामगार म्हणू नको."

मी मान हलवली. ते वाक्य त्यानंतर माझ्या कुठल्याही भाषणात आलेलं नाही. शेणकिडा पानांखाली दिसेनासा झाला तरी बाबा तिथेच बसून होते. रविवारबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मला विचारायचा धीर झाला नाही. ते दिलेला शब्द मोडत नाहीत, आणि मीही दिला होता.

रविवारी मंडळी जमली. फावडी, दाताळी, पोती, थर्मास. कणीकवाल्या आंटी हातमोजे घालून आलेल्या. मी लांब एका खडकावर जाऊन बसले, बघवणार नव्हतं म्हणून पाठ करून. मागून बाबांचा ऑफिसातला हिंदी आवाज आला.

"काम होगा। लेकिन तरीक़े से होगा। फावड़ा नहीं चलेगा। एक-एक पत्ता हाथ से उठाइए, नीचे देखिए। जिसके नीचे कोई न हो, वही पत्ता बोरी में जाएगा।"

मी गर्रकन वळले. एखादं काम अडवायचं असेल तर ते थांबवायचं नसतं, त्याला पद्धत लावायची असते. जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे मी काय शिकवणार! लोकांनी एकमेकांकडे बघितलं, कुरकुर केली, पण अध्यक्षांनी सांगितलं म्हणून उकिडवे बसले.

आधी कोणीतरी, "अरे!" म्हणून ओरडलं. मग दुसऱ्या बाजूने, "इधर देखो, इधर!" एका पानाखाली पैसा नावाचा पुष्कळ पायांचा किडा वेटोळं करून पडला होता. दुसऱ्याखाली तांदळाएवढी गोगलगाय. तिसऱ्याखाली तपकिरी भुंगेरा, पाठ उघडून आतले पातळ पंख नीट घडी करून ठेवत होता. आंटींनी पळसाचं एक मोठं पान उचललं तर खालून कोळ्याची मादी निघाली, सगळी पाठ पिल्लांनी भरलेली. आंटी किंचाळतील असं मला वाटलं. त्यांनी पान हळूच होतं तिथे ठेवलं आणि त्यावर तळवा धरून बसल्या. थोड्या वेळाने बोलणं थांबलं. म्हातारी माणसं गुडघ्यांवर रांगत होती, पानं उचलत होती, ठेवत होती. मी जंगलात इतकी शांत माणसं कधी बघितली नाहीत.

पोत्यांत चिप्सची पाकिटं आणि बाटल्या तेवढ्या जमल्या. एक गृहस्थ म्हणाले, "साहब, हर पत्ते के नीचे कोई न कोई बैठा है। अब क्या करें?"

"तो बोरियाँ तह कर लीजिए," बाबा म्हणाले आणि सगळ्यांनी रिकाम्या पोत्यांच्या घड्या घातल्या.

मी त्यांच्याजवळ गेले. डोळे भरून आले होते, ते लपवायचा प्रयत्न केला नाही. बाबांच्या हातात अजून एक पान होतं. ते पान त्यांनी खाली वाकून जागेवर ठेवलं, कडेने माती सारखी केली, आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "कचरा म्हणून टाकलं की खाली बघावं लागत नाही. आमच्या वस्तीलाही कचराच म्हणायचे."